वाचकांचे प्रश्न : निधी निम्मा झाला तर विज्ञान निम्मे उरते का?

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पुढील आर्थिक वर्षाचे जे अंदाजपत्रक मांडले, त्यात मूलभूत विज्ञानाला पैसा पुरवणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची तरतूद सुमारे नऊ अब्ज डॉलरवरून ३.९ अब्जांवर, तर आरोग्यसंशोधनाला पैसा पुरवणाऱ्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थची तरतूद सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आणण्याचा प्रस्ताव होता. अमेरिकी संसदेने तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. जानेवारी २०२६ मध्ये फाउंडेशनच्या वाट्याला सुमारे पावणेनऊ अब्ज डॉलर आले. मात्र तोवर फाउंडेशनची हजाराहून अधिक चालू अनुदाने मध्येच रद्द झालेली होती. या विषयावर सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी औंढा नागनाथ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होणार म्हणून मुलांना मोठे कुतूहल आहे. अमेरिकेतील दोन लायगोंपैकी एक बंद करण्याचा प्रस्ताव होता असे वाचनात आले. एक चालू राहणार असेल तर निम्मे काम तरी होईलच ना? आणि आपल्याकडील प्रकल्पाचे काय होईल? (एक शिक्षिका, हिंगोली जिल्हा)

उत्तर : बाई, आपल्या प्रश्नातील ‘निम्मे’ या शब्दापाशीच सगळी मेख आहे, म्हणून त्याला थोडा वेळ देतो.

लायगोच्या दोन वेधशाळा अमेरिकेच्या दोन टोकांना आहेत. एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि दुसरी लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टनला. दोहोंमधील अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर. प्रत्येकीला काटकोनात दोन भुजा आहेत आणि प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब आहे. भुजेच्या निर्वात नळीतून लेझरचा किरण ये-जा करतो आणि टोकाला काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेल्या चाळीस किलोच्या आरशावरून परततो. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणारी लाट, पृथ्वीवरून गेली की या भुजांच्या लांबीत फरक पडतो, पण तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. इतका सूक्ष्म फरक मोजणाऱ्या यंत्राला सगळेच जाणवते. दूरवरच्या किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा, रस्त्यावरून गेलेला ट्रक, लिव्हिंग्स्टनच्या आसपासच्या रानात पडणारे झाड, सगळ्यांची नोंद होते. एकट्या यंत्राने ‘मला काहीतरी जाणवले’ असे सांगितले, तर ते दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्यामुळे जाणवले की रानात कुऱ्हाड चालल्यामुळे, हे छातीठोकपणे सांगणे फार अवघड असते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली होती तेव्हा, लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला एक थरथर जाणवली आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी अगदी तशीच थरथर हॅनफर्डला जाणवली. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला हे अंतर कापायला जास्तीत जास्त दहा सहस्रांश सेकंद लागतात, तेव्हा हिशेब जुळला. सव्वाशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एकत्र आलेल्या दोन कृष्णविवरांची ती खूण होती. तिच्यावर जगाचा विश्वास बसला तो मुख्यतः ती दोन ठिकाणी सापडली म्हणून, आणि २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्याच कामाला मिळाले. दोन यंत्रांतील एक काढले की उरलेले यंत्र साक्षीदाराविना पडते. लहर कोणत्या दिशेने आली हेही त्याला नीट सांगता येत नाही, कारण दिशेचा अंदाज दोन ठिकाणच्या वेळांतील फरकावरून बांधतात. एक कान बंद करून गर्दीत आपल्याला कोणी हाक मारली ते ओळखण्याचा प्रयोग वर्गात करून पाहावा, मुलांना हे चटकन कळेल.

इटलीतील व्हर्गो आणि जपानमधील काग्रा याही वेधशाळा आहेत, हे खरे. पण त्यांची संवेदनक्षमता लायगोच्या तोडीची नाही. तरीही जास्तीच्या कानाचा उपयोग केवढा, हे ऑगस्ट २०१७ मध्ये दिसले. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली तेव्हा व्हर्गो नुकतीच सोबत आली होती. तिच्यामुळे शोधाचे क्षेत्र आकाशातील सुमारे तीस चौरस अंशांपर्यंत आवळता आले, आणि जगभरच्या दुर्बिणींना ती घटना नेमक्या कोणत्या दीर्घिकेत घडली हे काही तासांत सापडले. म्हणजे प्रस्तावानुसार लायगोचा वार्षिक खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी वाचला असता, पण विज्ञानाचे नुकसान चाळीस टक्क्यांवर थांबले नसते.

आता आपल्या तालुक्याविषयी. लायगो-इंडियाचा पैसा भारत सरकारचा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि प्रकल्प २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे ठरले. अमेरिकेकडून यायची आहेत ती मूळ तिसऱ्या यंत्रासाठी बनवलेली आरसे, लेझर यांसारखी नाजूक सामग्री आणि ती जुळवण्याचे ज्ञान. त्यामुळे तिकडच्या अंदाजपत्रकाने हिंगोलीतील बांधकाम थांबेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. काळजी वेगळी आहे. असे यंत्र उभे राहिल्यावर ते ‘बोलते’ करायला अनेक वर्षे लागतात आणि त्यासाठी ज्यांनी हे काम आधी केले आहे त्यांच्या शेजारी उभे राहून शिकावे लागते. ती माणसे तिकडे टिकली नाहीत, तर आपल्या अभियंत्यांना शिकवणार कोण? शिवाय औंढ्याचे यंत्र हे मुळात जगातल्या इतर यंत्रांच्या जोडीला आहे. ते एकट्याने ऐकण्यासाठी नाही. या शास्त्रात आपण केवळ पाहुणे नाही, हेही मुलांना जरूर सांगावे. गोंगाटातून अशी लहर गणिताने कशी वेगळी काढायची, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारासच काम करत होते, आणि तेव्हा लायगोच्या इमारतीही उभ्या राहिलेल्या नव्हत्या.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. अमेरिकेतील काही विद्यापीठे संशोधनाच्या अनुदानावर साठ टक्के ‘वरखर्च’ घेतात, असे वाचले. ही उधळपट्टी थांबवली तर त्यात संशोधनाचे नुकसान काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण बँकेत होता, तेव्हा आधी टक्केवारी कशावर काढली आहे ते पाहू. साठ टक्के हे प्रत्यक्ष संशोधनखर्चावर आकारले जातात, एकूण रकमेवर नाहीत. प्रयोगाला शंभर डॉलर लागत असतील तर विद्यापीठाला वर साठ मिळतात. म्हणजे एकशे साठपैकी साठ, साडेसदतीस टक्के. सगळ्यांचा दर साठ नसतो, सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा दर सरसकट पंधरावर आणण्याचा आदेश निघाला आणि न्यायालयाने तो अडवला. तो लागू झाला असता तर साठ टक्क्यांच्या विद्यापीठाला शंभर डॉलरच्या प्रयोगामागे पंचेचाळीस डॉलर कमी पडले असते.

त्या साठांत काय काय येते? एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या प्रयोगशाळेत होतो, तिथे उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये रुग्णांच्या रक्ताचे सुमारे चार हजार नमुने होते. मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने फ्रीझरच्या दारावरील लाल आकडा बदलताना पाहिला आणि मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा आकडा उणे एकसष्टवर आला होता. कोरडा बर्फ मागवून आम्ही पहाटेपर्यंत डबे हलवले. तो पहारेकरी, तो जनरेटर, ती खोली आणि तिचे वीजबिल यांतले काहीही आमच्या अनुदानाच्या अर्जात ‘संशोधन’ या सदराखाली नव्हते. सगळा वरखर्चच होता.

काही विद्यापीठांचा दर फुगलेला आहे, हिशेब सामान्य माणसाला समजत नाही आणि त्यावर कात्री चालवायला वाव आहे, हे मी मान्य करतो. मात्र अशी कात्री चालवायची तर दोन-तीन वर्षांची मुदत देऊन, बाबवार तपासणी करूनच चालवावी लागते. कर्जखात्यावर एका शुक्रवारी संध्याकाळी नवा व्याजदर लावून सोमवारपासून वसुली सुरू करणे आपल्या बँकेतही कोणी खपवून घेतले नसते.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा कारखाना आहे. मला नवे तंत्र हवे असेल तर मी माझे पैसे घालतो. औषधे आणि तंत्रज्ञान विकून कंपन्या नफा कमावतात, तर संशोधनाचा खर्चही त्यांनीच करावा. करदात्याने का करावा? (एक उद्योजक, इचलकरंजी)

उत्तर : आपला मुद्दा रास्त आहे आणि कंपन्या तसा खर्च करतातही, अमेरिकेत संशोधन आणि विकासावर होणाऱ्या एकूण खर्चाचा मोठा भाग उद्योगांचाच असतो. अडचण एवढीच की कारखानदार आपल्या मागाला लागणाऱ्या तंत्रावर पैसे घालतो. जे तंत्र कशाला लागेल हे कोणालाच ठाऊक नाही, त्यावर तो घालत नाही, आणि त्याने घालूही नयेत.

करोनाच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोहोचला. या चाचणीत जनुकीय द्रव्याच्या प्रती काढण्यासाठी नमुना पुनःपुन्हा पंचाण्णव अंशांच्या आसपास तापवावा लागतो, आणि एवढ्या उष्णतेत साधी विकरे निकामी होतात. सुरुवातीला प्रत्येक फेरीनंतर नवे विकर हाताने घालावे लागे. ही कटकट ज्या विकराने संपवली, ते एका जिवाणूतून आले. १९६० च्या दशकात टॉमस ब्रॉक हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील गरम पाण्याच्या झऱ्यांकाठी, सत्तर अंशांच्या पाण्यात काही जगते का, एवढेच पाहत होता. त्याच्या कामाला नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा होता. त्याने एका पदवीच्या विद्यार्थ्यासह तो जिवाणू वाढवला आणि कोणालाही मागवता येईल अशा सार्वजनिक संग्रहात ठेवून दिला. वज्रेश्वरीच्या कुंडावर कोणी अशा कामासाठी अर्ज केला तर आपणच काय, मीही हसलो असतो.

पीसीआर हे तंत्र मात्र १९८३ मध्ये एका खासगी कंपनीतील शास्त्रज्ञाला, कॅरी मुलिस यांना, सुचले आणि त्यांना नोबेलही मिळाले. म्हणजे आपला मुद्दा इथेही लागू पडतो. फक्त कंपनीने ज्या जिवाणूचे विकर वापरले, तो सरकारी पैशाने सापडून पंधरा-वीस वर्षे कुलूपबंद न होता पडून होता. औषधांबाबतही हेच दिसते. अमेरिकेत २०१० ते २०१६ या काळात मंजूर झालेली २१० नवी औषधे तपासणाऱ्या एका अभ्यासात, प्रत्येकामागे कुठे ना कुठे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या पैशाने झालेले काम आढळले. त्यातले बहुतेक काम औषधावर नव्हतेच. औषध शरीरात जिथे लागू पडते त्या रेणूच्या अभ्यासावर होते. त्या टप्प्यावर विकायला काहीच नसते.

प्रश्न : आज बंद केलेला प्रकल्प पुढचे सरकार पुन्हा सुरू करू शकतेच. मग एवढी ओरड का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : टेक्सासमध्ये वॉक्साहाची या गावाजवळ जमिनीखाली सुमारे तेवीस किलोमीटरचा बोगदा आहे. अणूहून लहान कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणाऱ्या सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर नावाच्या महाप्रवेगकासाठी तो खणला होता. पूर्ण वर्तुळ सत्त्याऐंशी किलोमीटरचे व्हायचे होते. खर्चाचा अंदाज फुगत गेला आणि सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यावर ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने काम थांबवले. त्यानंतर कितीतरी सरकारे आली आणि गेली, पण तो प्रकल्प परत आला नाही, कारण त्यासाठी जमलेली दोन हजारांच्या आसपास माणसे पांगली. अशाच यंत्राने शोधायचा हिग्ज कण २०१२ मध्ये सापडला तो युरोपात, सर्न या प्रयोगशाळेत.

दुसरे उदाहरण देताना जरा जपून बोलले पाहिजे. पोर्तो रिको येथील आरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. तिचा चालू खर्च त्याआधी अनेक वर्षे कमी होत आला होता, तरी ती केवळ कपातीमुळे पडली असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केबलच्या टोकांशी असलेल्या जस्ताच्या पकडी सैल होत गेल्या होत्या. आता तिथे तशी दुर्बीण नाही, एवढे मात्र खरे. याच दुर्बिणीने १९७४ मध्ये दोन ताऱ्यांची जी जोडी दाखवली, तिच्यामुळे गुरुत्वीय लहरी अस्तित्वात असल्याचा पहिला अप्रत्यक्ष पुरावा मिळाला. त्याचे नोबेल जाहीर झाले तेही ऑक्टोबर १९९३ मध्येच.

प्रश्न : अमेरिकेची चिंता आपण कशाला करायची? मी पीएच.डी.ला आहे आणि माझी फेलोशिप सात महिने आलेली नाही. आपल्याकडच्या कपातीवर आपण कधी लिहिणार? (एक संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपला राग योग्य आहे, आणि उत्तराला उशीर झाला हे कबूल करतो.

तिकडची कपात निदान अंदाजपत्रकात छापलेली असते. तिच्यावर चर्चा होते, खटले होतात. आपल्याकडे कपात बहुधा उशिराच्या रूपाने येते. भारताचा संशोधनावरील खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे आणि तो अनेक वर्षे तिथेच घुटमळतो आहे, हे पुष्कळांनी लिहिले आहे. पण कागदावर मंजूर झालेला रुपया प्रयोगशाळेत कोणत्या महिन्यात पोहोचतो, हे कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही. मागील हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला आपण सगळे ‘यूसी’ म्हणतो, दिल्लीत अडले की पुढचा हप्ता अडतो. मग तो फेब्रुवारीत येतो आणि मार्चअखेरपर्यंत संपवायचा असतो. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये झाली. परंतु सात महिने न आलेले सदतीस हजार हे खोलीच्या भाड्याला आणि मेसच्या बिलाला शून्यच असतात. जुलै २०२२ मध्ये संशोधनसंस्थांच्या उपकरणांवरील जीएसटी पाचावरून अठरा टक्के झाला. अनुदानाची रक्कम तीच राहिली, तेव्हा सरकारने अनुदान न कापता ते आपोआप लहान झाले. जून २०२५ मध्ये शास्त्रीय खरेदीचे नियम थोडे सैल केले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

उशीर आणि कपात यांतील फरक किती पुसट आहे, हे सह्याद्रीत काम करणाऱ्यांना विचारावे. बेडकांचा अभ्यास करणाऱ्याला पैसे जूनमध्ये हवे असतात. ते ऑक्टोबरात आले तर त्याच्या हाती पैसे असतात आणि समोर कोरडे ओढे. माझ्या ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाचा विषय कारवी होता. एका पट्ट्यातील कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षीचा प्रवासखर्च डिसेंबरात मंजूर झाला. तोवर फुलोरा ओसरून झाडे वाळायला लागली होती. रक्कम पूर्ण मिळाली, त्यामुळे कोणत्याच अहवालात ती कपात म्हणून नोंदली गेलेली नाही.

आपण एक करावे. फेलोशिप किती दिवस थकली याची तारीखवार नोंद ठेवावी आणि एकटीने अर्ज करण्याऐवजी विभागातील सगळ्यांनी मिळून, गाईडच्या शिफारशीसह, एकच अर्ज द्यावा. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आवाज उठवला, तेव्हाच त्यांची दखल घेतली गेली.

प्रश्न : माझ्या मुलाला अमेरिकेतील एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या पीएच.डी.साठी प्रवेशाचे पत्र आले आहे. पाठवावे की नाही? (एक पालक, नाशिक)

उत्तर : पाठवू नये असे मी म्हणणार नाही, पण पत्र बारकाईने वाचावे. २०२५ च्या वसंतात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय महाविद्यालयाने आधी दिलेले पीएच.डी.चे प्रवेश निधीच्या अनिश्चिततेमुळे मागे घेतले होते, तेव्हा नुसत्या पत्रावर विसंबून राहण्याचे दिवस नाहीत. चिरंजीवांनी तीन गोष्टी विचाराव्यात. विद्यावेतनाची हमी किती वर्षांची आहे. ते विद्यापीठाच्या तिजोरीतून मिळणार की एखाद्या प्राध्यापकाच्या अनुदानातून. आणि अनुदानातून असेल तर ते कोणत्या वर्षी संपते आणि मध्येच रद्द झाले तर अध्यापन साहाय्यकाचे काम मिळेल का. असे विचारले तर प्राध्यापकांना राग येईल, हा संकोच मनातून काढून टाकावा. तिकडे सध्या हे प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर ई-मेलने मागावे, म्हणजे ते लेखी राहते. विद्यावेतनासह दिलेला प्रवेश स्वीकारायला १५ एप्रिलपर्यंत मुदत देण्याचा संकेत तिकडील बरीच विद्यापीठे पाळतात, तेव्हा त्याआधी घाईने होकार कळवू नये.